चोरून आणलेली मधुमालती

अनीश,

शेजारच्या शोभाकाकू वारल्या आणि त्यांच्या कुंपणावरची मधुमालतीची फांदी तू चोरून आणलीस. म्हणालास, चोरलेली फांदी हमखास जगते, शिवाय आपल्या मुक्ताच्या खिडकीला आयती सावली! जगली बाबा, तुझाच हात तो.

पण मी वेल सुतळीनं बांधते आणि सकाळी ती काकूंच्या निळ्या साडीच्या चिंधीनं बांधलेली असते. आधी तुझी थट्टा वाटली. पण आठवडाभर तू सुप्याला मुक्कामी आहेस, तरी चिंधीच्या गाठी पडतातच.

आज चिंधी मुक्ताच्या मनगटाला होती, दुसरं टोक खिडकीच्या गजाला. तिला घेऊन नागापूरला आईकडे जातेय. वेल तोडू नकोस. मुळासकट काढ, काकूंच्या कुंपणाशी परत लाव आणि माफी माग.

चोरी तुझी, सावली तिघांची, वळ एकट्या पोरीच्या हातावर.

भार्गवी