बाबांच्या गाडीचा मिस्तरी

१८ जानेवारी, रविवार
बेलवलीला गेलो. बाबा नेहमीप्रमाणे गाडीत बसलेले. लाल गाडी, आंब्याखाली, टायर बसलेले, पुरानंतर एकदाही चालू झालेली नाही. तरी दुपारचा चहा झाला की काठी टेकत येतात, डावीकडचं दार उघडून पुढच्या सीटवर बसतात. दिवे लागले की वहिनी हाताला धरून आत नेते.
आज उतरताना त्यांचा पाय फ्लोअरमधून आरपार गेला. पत्रा कसला, पापड. पुराचं पाणी सीटपर्यंत चढलं होतं, तेव्हा दादाने चिखल काढलाच नाही, वरून मॅट टाकून मोकळा झाला. बाबांची पोटरी सोलली.
दादा ओट्यावरून, "बोललो नव्हतो? उल्हासनगर कॅम्प चारचा भंगारवाला कधीपास्नं मागं लागलाय. उचलू दे ना, झंझट खतम."
म्हटलं, मी करतो.
"तू काय करनार?"
वेल्डिंग. आयटीआय केलंय मी. कंपनीने स्टोअरला बसवलं म्हणून हात झडले नाहीत. पण या घरात माझं काय कुणाच्या लक्षात राहिलंय.

१९ जाने.
सु.ला सांगितलं. कंपनी बंद झाल्यापासून नवरा दिवसभर फ्लॅटमध्ये फिरतो याला ती कंटाळली आहे, त्यामुळे लगेच हो. "जुने कपडे घालून जा," एवढंच.
तिला जे सांगितलं नाही ते इथे. दिवाळीपासून बाबा मला ओळखत नाहीत. दादाला ओळखतात, वहिनीला ओळखतात, समोरच्यांच्या कुत्र्याला नावाने हाक मारतात. मी गेलो की हात जोडतात, पाहुण्याला जोडतात तसे. डॉक्टर म्हणाले, या आजारात असंच होतं, कोण आधी पुसलं जाईल सांगता येत नाही. कुणीतरी आधी पुसलं जाणारच, पण मीच का?
रोज समोर दिसलो तर कदाचित. एकदा "नरेश" म्हणाले तरी पुरे. झालं, लिहून टाकलं.

२२ जाने.
अंबरनाथच्या ग्रिलवाल्या मित्राकडून वेल्डिंगचं आर्क मशीन आणलं. तिथून उल्हासनगर, कॅम्प ४, पत्रा घ्यायला. दुकानदार सिंधी, म्हातारा, तोंडात सुपारी. मी जाड पत्रा मागितला तर देईना. "साईं, गाडी का फ्लोर है ना? पतला लो. मोटा लगाओगे तो बाजूवाला सब जल जाएगा." मग म्हणे, इतनी पुरानी गाडी, किसकी है? म्हटलं, बाप की.
"बाप है अभी?"
"है."
"तो बनाओ."
पत्रा रिक्षात घालून कल्याण-बदलापूर रोडने बेलवलीपर्यंत. एक कोपरा मांडीत रुतत होता. रिक्षावाल्याची बडबड फुकट.

२४ जाने.
सीट, मॅट सगळं बाहेर काढलं. बाबा त्यांच्या वेळेला आले, पाहतात तर बसायला जागा नाही. कावरेबावरे झाले, दार उघडबंद करत राहिले. शेवटी सीट अंगणात विटांवर मांडली, गाडीला लागून, तोंड गेटाकडे. बसले. सीटचा पट्टा शोधायला लागले, तो नाही म्हणून मला जाब.
आणि मग, "मिस्तरी, कवा होईल?"
मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
वहिनीला हाक, "मिस्तरीला चा दे." तिने स्टीलच्या ग्लासात आणला. आमच्याकडे घरच्यांना कप, कामाच्या माणसाला ग्लास. माझ्या तोंडाकडे बघून ती हळूच म्हणाली, "भावजी, कप आणला असता तर त्यांनी विचारलं असतं." खरं आहे. प्यायलो.

२७ जाने.
आज शेण खाल्लं. दाराखालच्या दोन्ही पट्ट्या गंजलेल्या, स्क्रू-ड्रायव्हर टोचला की आत. दोन्ही एकदम कापून काढल्या. आधी आतून आडवा पाइप टाकून गाडी धरून ठेवायची असते, हे पोरालाही कळतं. मी घाई केली. दुसरी पट्टी सुटली तशी गाडी मधोमध वाकली. दारं लागेनात.
दादा मुद्दाम येऊन दार लावून बघून गेला. दोनदा. "आयटीआय," एवढंच म्हणाला.
बाबा सीटवरून, "हरेश, ह्या मिस्तरीला कुनी आनला? दुसरा बग."

२८ जाने.
जॅक लावून गाडी उचलली, आतून पाइप मारले. संध्याकाळी दारं लागली. दादाला दाखवायला गेलो तर तो बाजारात. वहिनी म्हणाली, वा. बाबा पेंगत होते.

३० जाने.
आर्क मशीन आणि पातळ पत्रा, वैताग. जरा रेंगाळलं की भोक. भोक भरायला गेलं की बाजूला नवं भोक. थेंब थेंब टाके घालत बसलो. मान धरली.
बाबांना वेल्डिंगचा उजेड बघायचा असतो. वहिनीची जुनी साडी दोरीवर आडवी बांधली. वर पाहिलं तर साडी बाजूला करून बघतायत, लहान मूल बघेल तसं. दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ते ओरडले, "आवाज कोनाला करतंस? कामाला आयलास ना? काम कर."

३१ जाने.
सकाळी दादाचा फोन. "बाबांचे डोळे लाल, पानी थांबत नाय. एवढी अक्कल नव्हती काय तुला?" शिव्या घातल्या. ऐकून घेतल्या. माझेही डोळे तसेच, वाळू भरल्यासारखे, काळी काच जुनी आणि चिरलेली. तसाच रिक्षा करून गेलो. डॉक्टरांनी थेंब दिले, म्हणाले दोन दिवसांत बरं वाटेल. वहिनीने वर बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. ओट्यावर बाबा आणि मी शेजारी शेजारी आडवे, डोळ्यांवर बटाटे.
मला वाटलं, चेहरा दिसत नाहीये तर आवाजावरून तरी. मुद्दाम बोलत राहिलो. पाऊसपाणी, वीटभट्टी, काय वाटेल ते.
"मिस्तरी, तुना पोरं किती?"
"एक मुलगी."
"मना दोन पोरं. मोठा हरेश, ह्यो घर सांभालतो. धाकटा खरवईला, बिल्डिंगीत र्‍हातो. बायको आनली नि गेला. कवा येत नाय."
"येत असेल की."
"नाय येत. तवा तर मी रोज गारीत बसतो."
"म्हणजे?"
"त्याच्याकरं जावाचा हाय. हरेशला टाइम नाय. कोनतरी चालवील."
डोळ्यांतून पाणी येतच होतं, त्यामुळे कुणाला काही कळलं नसतं. दर रविवारी येतो मी. दर रविवारी. आणि हा माणूस आंब्याखाली बसून माझ्याकडे यायची वाट बघतोय.

२ फेब्रु.
दादाला गाठलं, बाबा झोपले असताना. विचारलं, तुला माहीत होतं ते गाडीत कशाला बसतात?
"हो."
"मला सांगितलं का नाहीस?"
"सांगून तू काय करनार होतास?"
"मग त्यांना सांग ना, हाच नरेश. तुझं ऐकतात."
"दिवाळीला सांगितला. तू गेल्यावर. रडायला लागले. बोलले, तुमी सगले मिलून मना फसवता, माझा पोर्‍या कुठं लपवलाय. दोन दिवस जेवले नाय. परत करू? तुझ्या समाधानासाठी?"
उत्तरं घरी येऊन सुचली, पाच-सहा. सगळी घाणेरडी. माझ्या जागी तो असता तर त्याने एवढं शांतपणे ऐकून घेतलं असतं का?
निघण्याआधी बाबा उठले, तर माझ्यासमोर त्यांना म्हणाला, "मिस्तरी चांगला हाय बाबा, र्‍हाऊ दे." उपकार केल्यासारखं.

५ फेब्रु.
काम सुरू. नवी काच. साडीऐवजी जुना दरवाजा उभा केला, आता त्यांना दिसत नाही.
"मिस्तरी, बिडी वोरत बसू नको." जन्मात बिडी ओढली नाही मी.
"मिस्तरी, सामान चोरू नको हां."
वहिनी हसली. मग तोंडावर पदर घेतला.

१० फेब्रु.
फ्लोअर जागेवर बसला. पुढचे दोन्ही तुकडे, पट्ट्या, सगळं शिवलं. ग्राइंडर मारला, रेड ऑक्साइडचे दोन हात. वर उभा राहून नाचलो तरी हलत नाही. माझ्या हातून इतकं नीट काम कधी झालं होतं, आठवत नाही. कंपनीत इतकी वर्षं नटबोल्ट मोजून ठेवले आणि मोजून दिले, बस.
कुणाला दाखवू? सु.ला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

१४ फेब्रु.
कात्रपचा एक मेकॅनिक येऊन कार्ब्युरेटर साफ करून गेला, बॅटरी नवी, तेल नवं, टायर नवे. तिसऱ्या झटक्याला चालू झाली. अंगणभर काळा धूर. बाबा सीटवरून उठून उभे राहिले, काठीशिवाय. "हरेश! गारी चालू झाली!" हरेश धावत आला. बाबांनी त्याला मिठी मारली. "केलास रं पोरा!"
मी बोनेटपाशी उभा. हातात पाना.
दादाने खुलासा केला नाही. नुसता माझ्याकडे बघून खांदे उडवले.

१९ फेब्रु.
सीट परत बसवली. काम संपलं. बाबांनी दादाला दुकानात पिटाळलं. नारळ, टॉवेल, टोपी. आमच्याकडे घर बांधलं, विहीर बांधली, वीटभट्टी लागली की मिस्तरीला टॉवेल-टोपी दिल्याशिवाय पाठवत नाहीत. मी लहान असताना बाबांनी कितीजणांना दिलेली पाहिली आहे. दादा म्हणाला, "घे ना, नाय घेतली तर रात्रभर बोलत बसतील."
वहिनीने कुंकू लावलं, माझ्याकडे न बघता. बाबांनी टोपी स्वतःच्या हाताने डोक्यावर ठेवली. मी वाकून पाया पडलो, एरवीही पडलोच असतो.
"काम चांगला केलास. सुखी र्‍हा. आता घरी जा."
पन्नाशी उलटली माझी. काम चांगलं केलंस, हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मला उद्देशून नाही. इतका राग आला, की नारळ रस्त्यावर आपटावासा वाटला. आपटला नाही. पिशवीत घालून आणला. सु.ने विचारलं, कुठे पूजा होती का? आत जाऊन झोपलो.

२० फेब्रु.
गेलो नाही. कशाला जायचं, काम संपलं.

२१ फेब्रु.
गेलो नाही. वहिनीचा फोन, "भावजी, ते गाडीत बसलेत आणि विचारतायत, चालवणारा कोण. यांना वेळ नाही." मग, "मिस्तरीला चालवता येते का विचार, म्हणाले." रात्री सु.ला सगळं सांगितलं, दिवाळीपासूनचं.

२२ फेब्रु., रविवार
गाडीचं पासिंग संपलंय, तरी काढली. बाबा पुढे, पट्टा लावून, मांडीवर आंबेमोहोराची पिशवी, धाकट्याला आवडतो म्हणे हा तांदूळ. खरंच आवडतो. उड्डाणपुलावर गाडी जरा खोकली, त्यांनी डॅशबोर्डवर थोपटलं. रस्ता मला तेच सांगत होते. हितनं डावी घे, मग ती पानाची टपरी. पत्ता तोंडपाठ. दोनच वेळा आले असतील आमच्याकडे.
लिफ्टने वर. सु.ने दार उघडलं, पाया पडली. तिला ओळखलं! "सूनबाय, नरेश कुठं?"
तिने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. अजूनही कळत नाही का हलवली. म्हणायचं होतं, मीच, बाबा. पण डोळ्यांसमोर दिवाळीचं ते रडणं आलं, जे मी पाहिलंही नाही. "बाहेर गेलेत, येतील," ती म्हणाली.
बाबा सोफ्यावर बसले. दाराकडे बघत. मी समोर, खुर्चीच्या काठावर, माझ्याच घरात. कुणी आलं नाही. कोण येणार होतं? शेवटी बाबांनी तांदूळ सु.कडे दिला, "तोच खाईल, बगा." ती आत जाऊन रडली, नळ सोडून.
परत येताना पुलावर बाबा, "बगलास ना मिस्तरी? मी आयलो तर घरी नाय."
"हो."
"सकाली येव. लवकर. तो निगाच्या आदी गाठू."
हो म्हणालो.
घरी आल्यावर सु. म्हणाली, उद्या तुम्ही जाऊच नका. दादांना चालवू दे. तुम्ही घरी थांबा, पांढरा शर्ट घाला, दार तुम्ही उघडा. नरेशच्या घरात, नरेशच्या दारात उभा असलेला माणूस, आणखी कोण असणार?
बरोबर आहे तिचं. तेव्हापासून तोच विचार करतोय. आणि दार उघडल्यावर ते म्हणाले, मिस्तरी, तू हितं कसा? तर मग माझ्याकडे काहीच उरणार नाही, मिस्तरी म्हणून सोबतीने गाडीत बसणंही नाही.
दादाला मेसेज टाकला, उद्या सकाळी गाडी तू आण, तासाभराचं काम आहे. वाचलाय. उत्तर नाही.