परमेश्वरच्या स्मारकावरील ‘वैमानिक’ हा शब्द काढणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी,
जालना.

विषय: शहीद परमेश्वर यांच्या स्मारकावरील खोटा मजकूर काढून खरी हकीकत कोरणेबाबत.
संदर्भ: गावच्या स्मारक समितीस दोनदा तोंडी सांगणे व एक लेखी अर्ज. उत्तर न्हाई.

महोदय,

मी खाली सही करणार, सेवानिवृत्त हवालदार धुळाजी सटवाजी मदने, वय ५६, रा. चिंचखेडी, ता. भोकरदन, अर्ज सादर करतो की,

१. आमच्या शाळेसमोर परमेश्वरचे स्मारक बांधले असून येत्या २६ तारखेस अनावरण आहे. वर सिमेंटचे लढाऊ विमान, खाली ‘शूर वैमानिक, शत्रूच्या माऱ्यात वीरमरण’. हे बिलकुल खोटे आहे. परमेश्वर दहावी नापास होता. मीही. आम्हाला विमानाचे मागचे दार उघडता येत होते, तेवढेच.

२. आमची तुकडी हवाई रसदीची. तिचा इतिहास कोणी विचारत न्हाई म्हणून लिहितो. डोंगरावरच्या ज्या चौक्यांना रस्ता न्हाई, तिथल्या जवानांच्या पोटासाठी ती उभी केली. विमान चालवणारे साहेब पुढे, आम्ही मागे. पीठ, डाळ, रॉकेल, बूट, पत्रांची थैली बांधायची, हवाई छत्री लावायची, घंटी वाजली की उघड्या दारातून लोटायचे. बंदूक आम्ही परेडलाच धरली. माझ्या बारा वर्षांत आमच्या हद्दीतली एकही चौकी उपाशी राहिली न्हाई. याचे स्मारक कुठेच न्हाई.

३. लोटणाऱ्याच्या कमरेला दोर असतो, दुसरे टोक विमानाला. तो जोडीदाराने पट्ट्याच्या कडीत अडकवून बांधायचा आणि पाठीवर थाप मारायची. थाप पडली की गाठ बराबर. मागे वळून बघायचे न्हाई, हा आमचा रिवाज.

४. डिसेंबर १९९६. परमेश्वरच्या पट्ट्याची कडी गारठ्याने आवळून बसली होती, दोर अडकेना. तेवढ्यात घंटी वाजली. मी जल्दीत दोर नुसताच पट्ट्याला हाताने बांधला. साहेब, आम्ही मेंढरामागची माणसं. मेंढरांच्या वाड्यावर घोडं बांधायचं ते सुरगाठीनं, लांडगा आला तर एका हिसक्यात सुटावं म्हणून. हातानं तीच गाठ मारली, आणि मी थाप मारली. पिठाचे पोते दारात अडकले. तो मोकळे करायला वाकला. पोत्याची दोरी माझ्या गाठीच्या शेपटात गुंतली, गाठ सुटली, आणि पोत्यामागे तो गेला. छत्री पोत्याला होती. पोते चौकीला पोचले. परमेश्वर आजपर्यंत सापडला न्हाई. चौकशीत ‘दोर सुटला’ एवढेच लिहिले. गाठ कोणाची, हे कोणी विचारले न्हाई, मी सांगितले न्हाई.

५. त्याची ट्रंक घेऊन गावी मीच आल्तो. त्याच्या आई वच्छलाबाई यांनी विचारले, माझा लेक इमानात काय करत व्हता? पोती लोटत होता म्हणायला जीभ रेटली न्हाई, कारण पुढचा सवाल, मंग दोर कुणी बांधला, मला ठाऊक होता. म्हणालो, इमान चालवत व्हता, दुश्मनाच्या माऱ्यात गेला. म्हणजे फलकावरचे खोटे समितीचे न्हाई, माझे आहे. आज त्या ऐंशीच्या आहेत. आभाळात आवाज झाला की अजून हातातलं काम टाकून अंगणात येतात. मला ते बघवत न्हाई.

६. समितीचे अध्यक्ष भुजंगराव म्हणाले, धुळाजी, सिमेंट वाळलं, मंग आता काय इमानाचं पोतं करायचं का? होय, तेच करावे.

तरी विमान काढून तिथे पिठाचे पोते बसवावे. खाली कोरावे: ‘चौक्यांना अन्न पोचवताना विमानातून पडून मृत्यू. दोर बांधणारा: धुळाजी मदने.’ वच्छलाबाईंना मी अनावरणाआधी स्वतः सांगणार आहे. त्यांनी तोंडावर थुंकले तरी माझी तक्रार राहणार न्हाई.

अखेरची एक गोष्ट. पडद्याची दोरी बांधायचे काम समितीने मला दिले आहे, तेही वच्छलाबाईंच्याच आग्रहाने. ओढताच पडदा एका हिसक्यात सुटला पाहिजे, आन् तसली गाठ आपल्या धुळाजीलाच येते, असे त्या गावभर सांगून राह्यल्या. येते, साहेब. ती गाठ माझ्या हातून पुन्हा मारून घेऊ नये, एवढी हात जोडून विनंती.

कोणाच्याही दबावाशिवाय सही करणारा,
आपला
धुळाजी सटवाजी मदने
चिंचखेडी, दि. ९ जानेवारी २०२६

सोबत: १. सेवामुक्तीच्या दाखल्याची छायाप्रत. २. स्मारकाचा फोटो.