बाबांची मान आणि समोरची खिडकी

तीर्थरूप मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (वाकून केला असता, पण सध्या आमच्या घरात वाकण्यावर बंदी आहे.) तुमची कंबर, मामींचा खोकला आणि तुमचा लाडका रंधा, सगळं ठीक असेलच.

बाबांच्या मानेचं ऑपरेशन पार पडलं. तीस वर्षं लोकांच्या घड्याळांत डोकं घालून मान पार बिघडली होती. बोटं बधिर व्हायची, स्क्रू हातातून निसटायचे. डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा एक्स-रे शेजारी शेजारी लावून दाखवला. धडधाकट मान मागच्या अंगाला जराशी आत वळलेली असते म्हणे. बाबांची उलट बाहेर फुगली होती. झिजलेली चकती काढून दोन मणके पट्टीने आणि स्क्रूंनी सांधले, तेव्हा कमान बरीचशी परत आली. (बाबांनी स्क्रूंचं माप विचारलं.) "पण हे दोन आता हलणार नाहीत," डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या वाटणीचं वाकणं वरच्या-खालच्या शेजाऱ्यांवर पडतं. त्यांना जपा."

संकट यापुढेच आहे. दुकानात बाबा पुढे, रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि मी मागे, भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाखाली. (ते सध्या बंद आहे. बाबा दवाखान्यात असताना मी किल्ली द्यायला विसरलो, आणि त्यांनीही नंतर विषय काढला नाही.) समोरच्या पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक मुलगी रोज अकराला खिडकीत येऊन माझ्याकडे बघते. दोन वर्षं हे प्रेम बाबांच्या खाली घातलेल्या मानेच्या आधारावर सुखाने चाललं होतं. आता त्यांची नजर थेट तिच्या खिडकीत!

परवा म्हणाले, "अकरा वाजले की तुला वर काय दिसतं रे?" मी भडकलो. (माझं डोकं तुम्हाला माहीत आहे, कॉलेजही सरांशी भांडूनच सुटलं.) म्हणालो, "आयुष्यात कधी मान वर करून माझ्याकडे बघितलं नाहीत, आता एकदम पहारा?" मान वळेना म्हणून बाबा खुर्चीसकट अख्खे वळले आणि बघत राहिले. मामा, माझ्या बापाचे डोळे घारे आहेत, हे मला बाविसाव्या वर्षी कळलं.

त्यांना वाकता येत नाही, म्हणून दुकान बंद करायचं म्हणतात. तोवर मी त्यांच्या जागी बसतो आणि ते मागे उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगतात, "दाबू नकोस. सोड." काल माझीही मान धरली. डॉक्टरांचा तो शेजारचा मणका म्हणजे मीच, हे लक्षात आलं तेव्हा आधी रागच आला. मग म्हटलं, असू दे.

तुमचा,
तापट भाचा

ता. क. : खरं काम हे. छातीइतकं उंच टेबल करून द्या, कोपर टेकतील असं. मान घड्याळापर्यंत जात नसेल तर घड्याळ डोळ्यांपर्यंत येऊ दे. दुकान बंद झालं तर बाबा कशाला उठतील सकाळी?

ता. क. २ : बाबांनी हे पत्र डोळ्यांसमोर धरायला लावून सगळं वाचलं. म्हणाले, "त्या पोरीला मी दोन वर्षं घड्याळांच्या काचेत बघतोय. ती तुझ्याकडे नाही, तुझ्या डोक्यावरच्या घड्याळात वेळ बघायची." मी पेटणार, तेवढ्यात म्हणाले, "पण ते बंद पडून दोन महिने झाले. अजून येतेच आहे. मामाला लिही, टेबल आपल्या दोघांना पुरेल असं करा म्हणून. तोंड रस्त्याकडेच."