जिवंत असल्याची हजेरी

प्रिय तारमास्तर,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू ओळखलंच असशील. हातात फोन असताना या गाडीवानाला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असंही म्हणाला असशील. म्हण बापडा. फोनवर तू मला दोन वाक्यांत गुंडाळतोस. कागदावर मला मध्येच तोडता येत नाही, एवढाच माझा डाव आहे.

आधी सगळ्यांची खुशाली कळव. सूनबाईंची पाठ कशी आहे? दिवसभर वर्गात उभं राहायचं आणि घरी येऊन सासऱ्याची बडबड ऐकायची, म्हणजे पाठ आणि कान दोन्ही दुखणारच. चिरंजीवांची रात्रपाळी संपली का? नातवाचा पडलेला दात उगवला का, की अजून शिट्टीसारखं बोलतोय? तुमची ती तीन पायांची मांजर खिडकीतच बसते ना? आमच्याकडे हिचे गुडघे कुरकुरतात, पण पावसाचा अंदाज हवामान खात्यापेक्षा बरा देतात. माझी साखर ताब्यात आहे. म्हणजे हिच्या ताब्यात आहे. डबा कुठे ठेवते ते सांगत नाही. तुझ्या प्रकृतीचं मात्र विचारत नाही. विचारलं तर ‘ठणठणीत’ असं लिहिशील, आणि तेवढं एक खोटं वाचायला मला चष्मा शोधावा लागेल.

मागच्या आठवड्यात मी आपल्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन आलो. फाटकाशी सगळ्या देशांचे झेंडे तसेच फडफडतात, फक्त खांब आता चकचकीत झालेत. त्या खांबांच्या सावलीत गाडी लावून मी तुझी वाट पाहायचो, आणि तू हातात टेलेक्सचा कागद फडकवत, पायात एकच चप्पल अशा थाटात धावत यायचास. विमान उतरलं, लशीच्या पेट्या आल्या, बर्फ वितळायच्या आत पोचवायच्या! आता त्या जागी दुचाक्या लावतात. तुझी तारखोली पाडून तिथे कॉफीचं यंत्र ठेवलंय. मी त्याच्यासमोर जरा उभा राहिलो. मागून एक साहेब म्हणाले, “आजोबा, हिरवं बटण दाबा.” म्हटलं, साहेब, या खोलीत बटणं दाबायचा मान दुसऱ्याचा होता.

तळघरातली चित्रगुप्ताची खोलीही गेली. तो शिक्केवाला आठवतो ना? वर्षातून एकदा आपण दोघं त्याच्यासमोर जाऊन बसायचो, कारण आपण जिवंत आहोत हे सांगितल्याशिवाय पेन्शन पुढे चालत नसे. तो चष्म्यावरून बघायचा आणि दरवर्षी तेच विचारायचा, “हयात आहात ना?” तू दरवर्षी तेच उत्तर द्यायचास, “सकाळपर्यंत तरी होतो, तुम्ही शिक्का मारा म्हणजे खात्री होईल.” तो कधी हसला नाही. पण शिक्का मात्र तुझ्या कागदावर नेहमी जोरात मारायचा. मग आपण समोरच्या टपरीवर चहा घ्यायचो आणि त्या वर्षी कोण कोण आलं नाही ते बोलायचो.

नंतर फोनवर तोंड दाखवायची सोय आली. तू तेव्हा नुकताच आपल्या निवृत्तांच्या मंडळाचा चिटणीस झाला होतास. सभागृहात आम्हा सगळ्या म्हाताऱ्यांना बसवून तू पडद्यावर शिकवलंस: फोन असा धरा, डोळे मिटा, उघडा, मान डावीकडे, मान उजवीकडे, आता हसा. परिचारिकाबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या होत्या, “सगळी नोकरी झाली, या संस्थेनं माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. आता बरं सुचलं!” तू म्हणालास, “बाई, वर्षातून एकदाच बघायचंय. तेवढं यंत्र सोसेल.” हसून हसून त्यांची कवळी सुटायची वेळ आली होती. आणि सगळ्यांसमोर, आम्हाला धीर यावा म्हणून, पडद्यावरच्या ‘यापुढे मला कागद पाठवू नका’ या ओळीवर पहिलं बोट तू ठेवलंस.

सोय चांगलीच होती, मी नाकारत नाही. आपल्या कार्यालयातला स्वयंपाकी डोंगरापलीकडे राहतो. शिक्क्यासाठी त्याला दोन बस बदलून यावं लागायचं, मध्ये एक मुक्काम. आता तो अंगणात बसून काम उरकतो. माझी मात्र पहिल्या वर्षी फजिती झाली. यंत्र म्हणे उजेडात या. उजेडात गेलो तर म्हणे सावलीत जा. हसा म्हटल्यावर मी हसलो तर म्हणे चेहरा स्थिर ठेवा. ही मागे उभी राहून म्हणाली, “लग्नाच्या फोटोतही असंच केलं होतं यांनी.” शेवटी हिरवी खूण उमटली, तेव्हा मी खरोखर जिवंत असल्याचा आनंद मला झाला.

नव्या यंत्राला तू कधी घाबरला नाहीस, मास्तर. टेलेक्स गेला, फॅक्स आला. फॅक्स गेला, संगणक आला. आम्ही दारात उभं राहून बघायचो आणि तू खुर्ची ओढून बसायचास. मला वाचायची गोडी लागली तीही तुझ्या टेलेक्सच्या कागदांवरच्या त्या मोठ्या अक्षरांनी. पहिला ईमेल माझ्याकडून लिहून घेताना तू म्हणालास, “दाब की बटण, बॉम्ब नाही तो.” मी दाबलं, आणि ते पत्र मलाच परत आलं. यंत्र बिघडलं म्हणून मी ओरडलो, तर तू शांतपणे दाखवलंस की पत्ता मीच माझा घातला होता.

त्यावरून मला नदीकाठचं केंद्र आठवतं. मुख्यालयाचा टेलेक्स आला, पेट्या अमुक केंद्रात पोचवा. आपण उन्हात गाडी हाणत गेलो, तर केंद्राला कुलूप आणि ओसरीवर बकऱ्या. दवाखाना केव्हाच नदीपलीकडे हलला होता. मी यंत्राला, मुख्यालयाला आणि बकऱ्यांना सारख्याच शिव्या घातल्या. तू बॉनेटवर बसून घाम पुसत म्हणालास, “यंत्राचा काय दोष? केंद्र हललंय हे त्याला कुणी सांगितलंच नाही.” पेट्या आपण नावेतून पलीकडे नेल्या, बर्फ शिल्लक होता. पण मला आठवतं ते पुढचं. परत आल्यावर तू जेवायच्या आधी टेलेक्सवर बसलास आणि नवा पत्ता मुख्यालयाला कळवलास. पुढच्या गाडीवानाला बकऱ्या भेटू नयेत म्हणून, असं म्हणालास.

आता मूळ गोष्टीवर येतो. महिन्यापूर्वी मी फोनवर विचारलं, यंदाची हजेरी लावलीस का? तू म्हणालास, “झालं, हिरवी खूण आली.” मी बरं म्हणालो. सगळा वेळ तू फोनवर चेहरा न दाखवता नुसताच बोललास. दवाखान्यातून आल्यापासून तू तसाच बोलतोस, आणि मीही तो विषय कधी काढला नाही. परवा सूनबाईंचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस, माझी शपथ आहे. घरात लेक असती तर तिनंही हेच केलं असतं. ती रडत नव्हती, सरळ सांगत होती. संस्थेचं शेवटचं स्मरणपत्र आलंय, महिनाअखेर हजेरी लागली नाही तर पेन्शन थांबेल. बाबांनी पुन्हा पुन्हा करून पाहिलं, यंत्र म्हणतं चेहरा जुळत नाही. आता बाबा फोन पालथा ठेवतात. दाढी वाढवलीय. न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकलाय, आणि कुणी काढला तर परत टाकतात. मंडळात कुणाला कळता कामा नये, असं बजावलंय. मी ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ गाडी पुसत बसलो. गाडी स्वच्छच होती.

म्हणून मी कार्यालयात गेलो. दारावर पाटी आहे, ‘डिजिटल रूपांतर विभाग’. मला वाटलं, आत सुरवंटाची फुलपाखरं करत असतील. आत एक तरुण अधिकारीण बसली होती, आपल्याला नातीसारखी वाटावी अशी. तुझं नाव मी काढलं नाही. एका मित्राचं म्हणून सांगितलं. अर्धांगानं त्याच्या चेहऱ्याची एक बाजू उतरलीय, हसताना ओठ एकीकडेच जातो. तिनं हातातलं काम ठेवलं. म्हणाली, “काका, यंत्राकडे त्यांचा जुना चेहरा आहे. ते इथे आले तर आम्ही नवा घेऊ, आणि हजेरी त्याच दिवशी लागेल.” एवढं सोपं! मग ती म्हणाली की माणूस चिडला तर आम्हाला कळतं, तो तक्रार करतो. गप्प बसला तर आमच्या पडद्यावर नुसतं ‘प्रतिसाद नाही’ एवढंच दिसतं, आणि तशी माणसं बरीच आहेत. त्यांचं कुठे अडतं हे समोर बसून दाखवणारं कुणी येतच नाही. जो तो लाजतो. मी विचारलं, आमच्या मंडळाचा चिटणीस दाखवायला आला तर? ती म्हणाली, “ते सभेत सगळ्यांना शिकवायचे तेच ना? त्यांनीच तर आम्हाला पहिल्या चुका कळवल्या होत्या!” नाव मी तरीही सांगितलं नाही. पण मला वाटतं, मुलगी हुशार आहे, तिला कळलं.

मास्तर, तुझं केंद्र हललंय, एवढंच झालंय. यंत्र अजून जुन्या पत्त्यावर येतं, कुलूप बघतं आणि परत जातं. त्याला नवा पत्ता कुणी सांगितलेला नाही, आणि तो सांगायचा तर तुलाच सांगावा लागेल. मी सांगून चालणार नाही, मी विचारून आलोय. म्हणून हे पत्र. येत्या सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतोय. ही म्हणते डोळ्यांचं बघा आधी. पण डॉक्टरांनी दिवसा चालवायला परवानगी दिलीय. तू माझ्या शेजारी बस, पूर्वीसारखा. दाढी कर किंवा ठेव, पण जो चेहरा आहे तो घेऊन ये. आणि एक सांगायचं राहिलं. त्या मुलीनं माझी हजेरी तिथल्या तिथे लावून देते म्हटलं होतं, मी नको म्हणालो. यंदा मी अजून लावलेलीच नाही. हिलाही ठाऊक नाही, बोलू नकोस. म्हणजे आजघडीला त्यांच्या लेखी आपण दोघंही अडकलेलो आहोत. तू आला नाहीस तर मीही त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि मग ही माझं काय करील ते यंत्राला विचारायची गरज पडणार नाही. चहाची टपरी अजून आहे, बघून आलोय. सोमवारच्या आत मला उत्तर मिळायला हवं, तेव्हा आजच लिहायला बस. सूनबाईंकडून लिहून घेऊ नकोस. उजवा हात वळत नसेल तर डाव्या हातानं लिही, वाकडंतिकडं लिही, एकच शब्द लिही. तुझा आहे हे मला कळेल.

तुझाच,
गाडीवान