इटलीचं भांडण, रांझीचा व्हरांडा

बाबा, काका गेले. परवा सकाळी. तुमच्या कारखान्यातले, लेथवरचे टर्नर काका, ज्यांच्याशी तुम्ही आयुष्याची शेवटची बारा वर्षं एक शब्द बोलला नाहीत. घरात हे सांगू कोणाला? मुलाला सांगितलं तर म्हणाला, "अच्छा, वो वाले अंकल? उमर भी तो बहुत थी, मम्मी." झालं, संपला विषय. त्याला मराठी समजते, पण वाचायच्या भानगडीत तो पडत नाही. म्हणून हे पत्र टेबलावर उघडं राहिलं तरी चालेल.

रांझीच्या कारखाना-वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरचा तो व्हरांडा. रविवारी नऊ वाजता बाहेर पाच-सहा सायकली लागतात, आई स्टोव्हवर चहाचं आधण ठेवते, आणि तुम्ही लंडनहून आलेलं ते डाव्या विचारांचं मासिक उघडता. जहाजाच्या टपालाने यायचं, तीन-चार महिने शिळं. तुम्ही इंग्रजीत वाचायचे आणि मराठी-हिंदी मिसळून सांगायचे. इटलीत, फ्रान्समध्ये क्रांतिकारक गटांत तेव्हा एकच वाद पेटला होता. इतर पक्षांशी जुळवून घेऊन निवडणूक लढवायची, की बाहेर राहून कारखान्या-कारखान्यात कामगारांच्या समित्या बांधायच्या? वाद डोक्यात नीट शिरावा म्हणून तुम्ही रीत घातली होती: एकाने एक बाजू घ्यायची, दुसऱ्याने दुसरी, आणि चहा येईपर्यंत ती आपलीच मानून लढायची. तुमच्या वाट्याला 'बाहेर' आली, काकांच्या वाट्याला 'जुळवून'. मी दाराशी बसून ऐकायची. काय रंगायचं, बाबा! काका मांडीवर थाप मारून म्हणायचे, "अबे, बाहेर राहून काय फाटक राखून राहिला का तू?" आणि तुम्ही म्हणायचे, "तू आत जा, मग पाहतो तुझा आवाज कसा निघते ते."

पण चहा पिऊन झाला तरी तुम्ही दोघं आपापली बाजू सोडेनात. वर्षभर तेच. मग कारखान्यात कामगार-प्रतिनिधींच्या कमिटीची निवडणूक आली आणि काका दुसऱ्या युनियनवाल्यांबरोबर पॅनेल करून उभे राहिले. त्या रविवारी तुम्ही सगळ्यांसमोर त्यांना गद्दार म्हणालात. काकांनी अर्धा कप खाली ठेवला. "मी माह्या खात्यातल्या लोकायसाठी उभा राहून राहिलो, अन् तू मले इटलीचं सांगतं?" एवढंच बोलले, चपला घातल्या आणि गेले. पुढच्या रविवारी कोणीच आलं नाही. आईने सवयीने आधण जास्त ठेवलं होतं. ती तुमच्यावर चिडली, "काहून बोललात तसं? कोण कुठले ते इटलीवाले!"

दोनेक महिन्यांनी नवा अंक आला. तुम्ही शिफ्टला होता. मी अकरावीत होते. पोस्टमनच्या हातून मीच घेतला आणि पायरीवर बसून अडखळत वाचला. इटलीतल्या त्या दोन्ही गटांनी मिळून उमेदवार उभे केले होते! ज्या लेखकाची वाक्यं तुम्ही काकांच्या तोंडावर फेकायचे, तोच आता जुळवून घ्या म्हणत होता. अंकावरचा महिना पाहिला. तुम्ही काकांना गद्दार म्हणालात, त्याच्या आधीचाच होता. तिकडे दिलजमाई झाली, तेव्हा आपल्या व्हरांड्यात भांडण अजून व्हायचं होतं.

तो अंक मी माझ्या पुस्तकांमागे सारला. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "अंक नाही आला काय गं?" मी म्हणाले, "नाही, बाबा." पुढचे अंक तुम्ही फोडलेच नाहीत, मग मासिकच बंद केलं. एकट्याने वाचून काय करू, म्हणालात. त्या भांडणानंतर रविवारी आपण दोघं बसने तिलवाऱ्याला नदीवर जायला लागलो होतो. तुम्ही पुलावर उभे राहून नागपूरकडे जाणारे ट्रक पाहायचे. येताना बाजारात काका दिसले, की तुम्ही मान वळवायचे आणि वळणावर गेल्यावर मागे पाहायचे.

गेल्या महिन्यात मी काकांना भेटायला गेले होते. ऐकू फार कमी येत होतं. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "त्या इटलीवाल्यायचं मंग काय झालं वो पोरी? तुह्या बाबाजवळ तं पुढचे अंक आले असतीन." त्यांची सून शेजारीच होती. सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं. मी नुसती मान हलवली, माहीत नाही म्हणून. त्यांनी माझा हात थोपटला. "जाऊ दे," म्हणाले.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, म्हणून तर लिहवतं आहे. वडलांना वाईट वाटेल म्हणून अंक लपवला, असंच मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. साफ खोटं. अंक वाचला असता तर तुम्ही काकांकडे गेला असतात, आणि त्या भांडणाआधी रविवारचे तुम्ही मला कधी मिळालाच नव्हता, बाबा. त्या पुलावर तुम्ही मित्रावाचून झुरत होता, मला दिसत होतं. आणि मी तुमच्या शेजारी उभी होते, खूश होते.