जुन्या फोनातलं रडणं

आई,

आजपासून मी ड्युटीवर. चांदूर बाजारच्या गाडीनं जाऊन राहिली. फ्रिजमध्ये दुधाच्या दोन बाटल्या आहेत. कालची आधी पाजा. गरम पाण्यात धरा, गॅसवर ठेवू नोका.

काल मी दूध काढाचा पंप लावून बसली होती, तवा रडणं आयकून तुमी पाळण्याकडे धावल्या. सांची तं झोपली होती. तुमाले भास नाही झाला. लेकराचा आवाज आयकला का दूध जास्त उतरते, असं नर्स म्हणे. सांचीचा आवाज लावून पायला, थेंबच आले. मंग जुन्या फोनातलं तिच्या ताईचं रडणं लावलं. जन्मल्यावर आठ दिवसांत गेली, तिचं.

तिचे कपडे, दुपटे तुमी सारे देऊन टाकले. फोन कपाटात आहे, त्याले हात लावू नोका. सांची तिच्या ताईच्याच दुधावर वाढून राहिली.

दीक्षा