सहा गुण आणि समासातली पेन्सिल

९ एप्रिल

निकाल लागला. पाताळात लागला! कन्या तेजस्वी बारावी विज्ञान उत्तीर्ण आहे. परंतु भौतिक, रसायन, जीव या त्रयीत मिळून तीनशेपैकी एकशे चव्वेचाळीस. वैद्यकीय प्रवेशासाठी आमच्या खुल्या वर्गास दीडशेची अट. उणे सहा! पुढच्या महिन्यातल्या नीट परीक्षेत ती साक्षात धन्वंतरीच्या मांडीला मांडी लावून बसली, तरी या सहांवाचून दार बंद.

मी — निपाणीच्या मराठी शाळेत सत्तावीस वर्षे भाषाध्यापन करणारा, स्वकन्येस दहावीपर्यंत त्याच शाळेत बसवून पंचक्रोशीस आदर्श घालून देणारा — भिंतीकडे पाहत बसलो. सौभाग्यवती मंजुश्री म्हणाली, "भाषण न्हाय करायचं आज. जेवायला बसा."

बसलो. भाषण केले नाही. कुलेतिहासात नोंद व्हावी अशी ही घटना!

११ एप्रिल

एक कोडे. बेळगावला टिळकवाडीतल्या क्लासच्या सराव परीक्षांत हीच मुलगी पहिल्या दहांत असते. गोल काळे करायचे असले की सरस्वती प्रसन्न. वाक्ये लिहायची आली की अंतर्धान. जीवशास्त्रात तर सर्वांत कमी!

कारण विचारले. "वेळ पुरला न्हाय, आप्पा."

काळ हा सर्व परीक्षार्थींस समान असतो, असे मी गांभीर्याने म्हणालो. ती उठून आत गेली.

कर्नाटक बोर्ड एका वर्षात तीनदा परीक्षा घेते. दुसरी नीटच्या अगदी तोंडावर. तिसरी जूनमध्ये — ती देता येईल. फक्त जीवशास्त्र. तिच्या उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत मागवली आहे. शत्रूचे बलाबल आधी पाहावे.

२१ एप्रिल

प्रत आली. शत्रू सापडला.

प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीची पुसट ओळ दिसत होती. भिंग घेतले. मुंगीएवढ्या अक्षरांत मराठी! प्रत्येक प्रश्नाचे संपूर्ण उत्तर तिने आधी समासात मराठीत लिहिले आहे, आणि मग शाईने अकरावीपासूनच्या माध्यमात, इंग्रजीत, उतरवले आहे. म्हणजे पोरीने एका वेळात दोन परीक्षा दिल्या. शेवटचे दोन प्रश्न दहा गुणांचे. समासात मराठी आहे. शेजारचे पान कोरे.

आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत एक सुविचार रंगवलेला आहे — "आधी मायबोलीत मांडा, मग परभाषेत सांगा." रचना माझी. रंगाचा खर्चही मीच सोसला होता.

२२ एप्रिल

"बघितली न्हवं प्रत, आप्पा?"

"पाहिली."

"मग?"

"अक्षर सुंदर आहे."

याहून भ्याड वाक्य मी आजवर उच्चारले नसावे.

२५ एप्रिल

आजपासून गृहनियम: जीवशास्त्राच्या अभ्यासाच्या वेळी मराठी वर्ज्य. वर्ज्य करणारा मी! शाळेतली जुनी हातघंटा आणली आहे. प्रश्न वाचताच टोल. नऊ मिनिटांनी दुसरा. तेवढ्यात उत्तर शाईत पूर्ण व्हावे. पेन्सिल जप्त.

जेवताना मीही इंग्रजीत मूत्रपिंडाचे कार्य सांगू लागलो. तेजस्वीला ठसका लागला. "आप्पा, तुम्ही इंग्रजी बोलू नका हो, मला आमटी गिळता येईना!"

मंजुश्रीची तक्रार वेगळीच. "आधी ती घंटा बंद करा. शेजारची म्हस पान्हा चोरायला लागली म्हणं. अंबूबाई दोनदा सांगून गेली."

म्हशीच्या तक्रारीची दखल घेऊन घंटेला फडके गुंडाळले.

४ मे

नीट झाली. बेळगावात केंद्राबाहेर तीन तास उभा होतो. बाहेर आली ती हसत. "गोल होते नुसते, आप्पा."

गोलांचे भय कधी नव्हतेच.

१८ मे

आज सहा प्रश्नांपैकी चार वेळेत. उत्तर आरंभण्यापूर्वी ती क्षणभर डोळे मिटते. काय करतेस, म्हणून विचारले. "काय न्हाय." कन्या आता थेट परभाषेत विचार करते, असा निष्कर्ष मी काढला. अभिनंदन केले. मग उगाचच अंगणात जाऊन उभा राहिलो. आपणच दिलेल्या औषधाचा गुण यावा आणि वैद्याला रडू यावे, तसे काहीसे.

२९ मे

शाळेसाठी पटसंख्या-संकलनाची वार्षिक मोहीम. यंदा आठवीत नावे अवघी अकरा. मष्णूकडे गेलो — माझा जुना विद्यार्थी, आता टेम्पो चालवतो. त्याची दिपाली सातवी झाली. मुलगी तल्लख.

चहा आला. मष्णू म्हणाला, "सर, भिंतीवरचं ते अजून पाठ हाय मला. आधी मायबोलीत मांडा! ताईचं काय झालं? डॉक्टर व्हणार न्हवं?"

एरवी अशा प्रश्नास माझ्याकडे अलंकारयुक्त उत्तर असते. आज सगळे सांगितले — समास, पेन्सिल, कोरे पान, सहा गुण.

त्याने कप खाली ठेवला. "म्हंजे... मी दिपीला कुठं घालू, सर? तुम्हीच सांगा."

प्रवेशअर्जाची घडी करून खिशात घातली. सत्तावीस वर्षांत प्रथमच अर्ज कोरा घेऊन परतलो. दारापर्यंत येऊन मष्णू हळूच म्हणाला, "राग मानू नका सर, पर तुम्ही खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. माझं मन ठरलं हुतं, तुमच्याच शाळेचं."

९ जून

मष्णूची दिपाली इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत दिसली. खिडकीतून मला हात केला. मीही केला.

१४ जून

नीटचा निकाल. गुण उत्तम! सरकारी जागा मिळेल, असे क्लासचे विक्रमसर म्हणतात. आता सगळे त्या सहांवर. मंजुश्रीने ग्रामदेवतेला नारळ बोलला आहे. मी नास्तिक असल्याने नारळ फक्त निवडून आणून दिला.

१६ जून

जीवशास्त्र. केंद्रावर सोडले. जाताना माझ्या खिशातली पेन्सिल तिने काढून घेतली. "आकृत्यांना लागती, आप्पा." व्याकूळ असल्याने वाद घातला नाही.

कसा गेला, विचारले. "बरा." बस्स! एवढा मितभाषीपणा माझ्या वंशात आला कोठून?

२ जुलै

एकशे त्रेसष्ट!!

मंजुश्री रडली. अंबूबाई म्हशीचे दूध घेऊन आली. घंटेवरचे फडके काढून मी तीन टोल दिले.

सगळे पांगल्यावर तेजस्वी म्हणाली, "आप्पा, प्रत मागवा की."

"आता कशाला? पैसे वाया."

"मागवा हो. तुम्हाला माझं अक्षर लई आवडतंय न्हवं?"

९ जुलै

प्रत आली. भिंग लावले. प्रत्येक समासात पेन्सिल आहे. मराठी आहे.

वाक्ये मात्र गेली आहेत. प्रत्येक प्रश्नाशेजारी दोन-तीन शब्द, एवढेच — "परागनलिका. दोन युग्मक. दुहेरी फलन." — आणि शेजारी त्यांचाच धागा धरून सलग, वेळेत, पूर्ण उतरलेले इंग्रजी. मी तिची मराठी सोडवली, असे समजत होतो. तिने ती सोडली नव्हती. आटोपशीर केली होती.

शेवटचे पान भरलेले आहे. त्याच्या समासात, अगदी तळाशी, जिथे परीक्षकाचे काही काम नाही तिथे, लिहिले आहे —

"अकरा मिनिटं शिल्लक."

प्रत पिशवीत घातली. मष्णूकडे निघालो आहे. कोरा अर्ज घेतलेला नाही. केवळ दाखवून येतो.